एका गळ्यासाठी रचलेले गाणे

एखादी कलाकृती विशिष्ट कलावंतासाठी रचली गेली, तर त्या कलावंताच्या पश्चात ती कोणाची? वरकरणी हा प्रश्न संगीतातल्या जाणकारांचा वाटतो. पण ज्या भाषेत संगीत नाटकाने काही दशके वाङ्मयाचे आणि करमणुकीचे मोठे क्षेत्र व्यापले होते, त्या भाषेच्या अध्यापकांनाही तो टाळता येण्याजोगा नाही. आपल्याकडे त्याचे एक उत्तर कोणी न बोलताच ठरून गेले आहे. ज्याच्यासाठी रचले त्याचेच ते गाणे. इतरांनी त्याची जमेल तितकी हुबेहूब नक्कल करावी आणि शाबासकी मिळवावी. हे उत्तर रचनाकारावर अन्याय करतेच, पण त्या मूळ गायकावर त्याहून अधिक अन्याय करते, असे माझे मत आहे. ते मांडण्याआधी एक परदेशी उदाहरण घेतो. दूरचे घर पाहून आलो की आपल्या घराची मांडणी अधिक स्पष्ट दिसते.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांची भेट १९६० साली लंडनमध्ये झाली. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण आकाराने पुष्कळ मोठे आणि खर्जाकडे झुकणारे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. एकट्या चेलोसाठी, कोणत्याही साथीविना लिहिणे ही रचनाकाराची कसोटी असते. पियानोचा आधार नाही, वाद्यवृंदाचा आडोसा नाही. बाखने अठराव्या शतकात या वाद्यासाठी सहा ‘सूट’ लिहिले होते. सूट म्हणजे लहान लहान खंडांची ओवलेली माळ. रोस्त्रोपोविचच्या हातून बाख ऐकल्यावर ब्रिटनलाही त्याच वाटेने जावेसे वाटले आणि १९६४, १९६७ व १९७१ या वर्षांत त्याने तीन सूट लिहिले. तिन्ही रोस्त्रोपोविचसाठी.

संकल्प खरे तर सहांचा होता. त्याची एक मजेदार हकिकत सांगतात. राजघराण्यातील एका वयोवृद्ध राजकन्येची भेट व्हायची होती आणि तिच्यासमोर भर दिवाणखान्यात अतिनाट्यमय मुजरा करण्याचा रोस्त्रोपोविचचा बेत होता. संकोची स्वभावाच्या ब्रिटनला घाम फुटला. मुजरा रद्द करण्याच्या बदल्यात सहा सूट लिहून देण्याचा करार त्याने जेवणाच्या टेबलावरच्या मेनूकार्डावर करून दिला म्हणे. सहापैकी तीनच झाले. पण या थट्टेतून त्या दोघांचे नाते कळते. एकाला दुसऱ्याच्या हातात काय आहे याची पुरती ओळख होती, आणि ती असल्यामुळेच तो सहसा कोणी मागणार नाही ते त्या हाताकडून मागू शकत होता.

यांतल्या तिसऱ्या सूटची कथा मात्र थट्टेची नाही. १९७० मध्ये सोल्झेनित्सिनची बाजू घेऊन उघड पत्र लिहिल्याबद्दल रोस्त्रोपोविचवर सोव्हिएत सरकारची वक्रदृष्टी झाली. परदेश दौऱ्यांवर बंधने आली, मायदेशातले कार्यक्रमही आटले. त्या काळात ब्रिटनने आपल्या मित्रासाठी जो सूट लिहिला, तो रशियन लोकगीतांच्या सुरावटींवर आणि मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या रशियन प्रार्थनेवर बेतलेला आहे. त्याची रचनाही वेगळी आहे. आधी त्या सुरावटींचे विस्तार येतात आणि मूळ सुरावटी त्यांच्या साध्या रूपात अगदी शेवटी उलगडतात. जणू प्रवासाअंती घर दिसावे. १९७४ मध्ये रोस्त्रोपोविचने देश सोडला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हा सूट प्रथम वाजवला. १९७६ मध्ये ब्रिटन गेला. रोस्त्रोपोविच त्यानंतर तीस वर्षे जगला. पहिल्या दोन सूटचे ध्वनिमुद्रण त्याने केले होते. तिसऱ्याचे केले नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. ज्याच्यासाठी रचना झाली त्याचेच ध्वनिमुद्रण नाही, तरीही तिसरा सूट आज जगभर वाजतो आणि अनेकांनी तो ध्वनिमुद्रित केला आहे. कारण तो कागदावर आहे. पुढच्या वादकापुढे अनुकरणासाठी पहिल्या वादकाची तबकडी नव्हती; समोर रचना होती आणि तिचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा होता. रोस्त्रोपोविचचे नाव त्या रचनेवर कायम आहे, पण त्याची सावली तिच्यावर नाही.

दुसऱ्या सूटचे साल १९६७ असे वर आले आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासातही ते साल विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले आणि २४ डिसेंबर रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकारांचा, झरीना फैयाज यांची; आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून वसंतराव देशपांडे.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना या नाटकाविषयी थोडी घरची माया आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वसंतरावांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरला झाला. मंगरूळपीरहून कारंज्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की ते गाव लागते. दारव्हेकर मास्तर नागपूरचे, पण त्यांचे आडनाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची आठवण सांगणारे. मूर्तिजापूर आणि दारव्हा ही दोन्ही गावे ज्या अरुंद रुळांच्या गाडीने एकमेकांना जोडली होती, ती कारंज्यावरूनच जात असे. ती आता बंद पडली आहे. गोव्याच्या मंगेशीतून आलेल्या अभिषेकींनी या दोन वैदर्भीयांच्या मध्ये उभे राहून चाली बांधल्या, आणि त्यातून एका मुसलमान उस्तादाची व्यक्तिरेखा मराठी रंगभूमीवर उभी राहिली. पिराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावाला त्या उस्तादाविषयी आपलेपणा वाटावा, यात नवल नाही.

खाँसाहेबांची पदे ऐकताना ती वसंतरावांच्या गळ्याच्या मापाने बेतली आहेत हे ऐकताक्षणी कळते. वसंतरावांचे शिक्षण एका घराण्याच्या चौकटीत झालेले नव्हते. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरात असद अली खाँ, आणि दीनानाथांच्या गाण्याचा खोल ठसा. पोटासाठी लष्करी हिशेब खात्यातली नोकरी. ‘कट्यार’ आले तेव्हा त्यांनी वयाची सत्तेचाळीस वर्षे पार केली होती. त्यांची तान कुठून उठेल आणि कुठे उतरेल याचा अंदाज श्रोत्याला लागत नसे. ती वळणावर वळण घेई आणि समेवर येताना ऐकणाऱ्याचा श्वास रोखून धरी. खाँसाहेबांचे पात्रही तसेच आहे: दुखावलेले, अहंकारी, अवखळ, आणि सुराच्या बाबतीत कमालीचे प्रामाणिक. गळ्याचा स्वभाव आणि पात्राचा स्वभाव इतका एकजीव झाल्यावर, ही पदे वसंतरावांचीच, असे लोकांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

पण इथेच आपली आणि ब्रिटनची वाट वेगळी होते. ब्रिटनचे काम कागदावर पूर्ण झालेले होते. वादकाने त्यात अर्थ भरायचा, स्वर भरायचे नाहीत. नाट्यपदात संगीतकार चाल देतो, मुखडा बांधतो, ताल आणि लय ठरवतो, आणि पुढची बरीचशी जागा मोकळी सोडतो. ती मोकळी जागा गायकाने त्या रात्री, त्या प्रेक्षकांपुढे, त्या दिवशीच्या गळ्यानिशी भरायची असते. आज भरले ते उद्या तसेच भरायचे नाही, हा तर त्या कलेचा धर्म. मग तबकडी आली, पुढे ध्वनिफीत आली, आणि त्या मोकळ्या जागेतली एका दिवसाची भरणी कायमची गोठून गेली. पाश्चात्त्यांची स्वरलिपी रचनाकाराने लिहिलेली. आपली स्वरलिपी ध्वनिमुद्रण यंत्राने लिहिली. गायकाने एकदा सहज घेतलेली तान पदाचा भाग समजली जाऊ लागली. रचना आणि गायकी यांतली सीमारेषाच पुसली गेली.

याचा परिणाम पाहायचा असेल तर कोणत्याही युवक महोत्सवातली नाट्यगीतांची स्पर्धा ऐकावी. आमच्या भागातल्या अशा स्पर्धा मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. खेड्यापाड्यांतून आलेली, कोणत्याही गायनशाळेचे तोंड न पाहिलेली मुले विलक्षण कष्टाने ही पदे बसवून येतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण पद तेच, तान तीच, तिची जागा तीच, इतकेच काय, मूळ गायकाने जिथे श्वास घेतला तिथेच या मुलाचाही श्वास. एखाद्याने चुकून स्वतःची हरकत घेतलीच तर परीक्षकांच्या कपाळाला आठी पडते आणि ‘मूळ पदाशी फारकत’ असा शेरा मिळतो. मूळ पद म्हणजे काय, हा प्रश्न त्या शेऱ्यामागे कोणी विचारीत नाही. अभिषेकींनी बांधलेले ते मूळ, की वसंतरावांनी एका मुद्रणाच्या दिवशी गायले ते मूळ? ज्या गायकाने आयुष्यभर स्वतःचीही नक्कल टाळली, त्याची नक्कल ही त्याच्या स्मृतीला वाहिलेली आदरांजली कशी होईल?

खुद्द ‘कट्यार’चे कथानक या प्रश्नाभोवती फिरते, हे आपण विसरतो. विद्या घराण्याची की ती आत्मसात करणाऱ्याची? सदाशिव पंडितजींचा शिष्य व्हायला येतो आणि नशिबाने खाँसाहेबांच्या छायेत लपूनछपून शिकू लागतो. खाँसाहेबांना आपली गायकी घराबाहेर जाऊ द्यायची नाही. ती त्यांची दौलत आहे. अखेर त्यांच्यासमोर जो पेच उभा राहतो, तो एका तरुणाच्या जिवापुरता नाही. आपले गाणे आपल्यानंतर कोणाच्या गळ्यात राहणार, याचा तो पेच आहे. अभिषेकींनी तर या प्रश्नाचे उत्तर संगीतातच देऊन ठेवले. ‘घेई छंद’ हे एकच पद नाटकात दोन चालींत आहे: एक सालगवराळीत, संथ, पंडितजींच्या घराण्याची, दुसरी धानीत, द्रुत, खाँसाहेबांच्या ढंगाची. शब्द तेच. एकाच कवितेच्या अंगणात दोन घराणी आपापल्या चालीने नांदतात आणि दोन्ही खरी वाटतात. एकच पद दोन गळ्यांचे होऊ शकते, असे जे नाटक रंगमंचावर दाखवते, त्याच नाटकाची पदे आपण एका ध्वनिमुद्रणाला जखडून ठेवली आहेत.

विशिष्ट गळ्यासाठी रचना करण्याची रीत आपल्याकडे ‘कट्यार’पासून सुरू झाली असे मुळीच नाही. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरी यांच्या ढंगाच्या चाली दिल्या, तेव्हा भामिनी बालगंधर्व होते. ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचा भरजरी पोत दिला, आणि रुक्मिणी होणारे बालगंधर्व हे त्यांचेच शिष्य होते, गुरूने शिष्याचा गळा ओळखून दागिना घडवला. याच ‘मानापमान’मध्ये धैर्यधराची भूमिका आरंभी नानासाहेब जोगळेकरांची होती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा प्रतिस्पर्धी मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि त्या प्रयोगाची आख्यायिका बनली. भूमिका एकासाठी घडली होती. दुसऱ्याने ती आपल्या गळ्याने गायली आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्या काळच्या प्रेक्षकाला गायकाकडून नक्कल अपेक्षित नव्हती, हे यावरून उघड आहे.

बालगंधर्वांच्या बाबतीत आणखी एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे स्वतःच्या दृष्टीने मांडली आणि त्या मांडणीला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावातला ‘उमजलेले’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आजचे आपले बहुतेक नाट्यसंगीत ‘उतरवलेले’ असते. तबकडीवरून वहीत, वहीतून गळ्यात. उमजण्याला मात्र स्वतःचे काहीतरी पणाला लावावे लागते. कुमारांनी बालगंधर्वांचा लाघवी आवाज उसना घेतला नाही. त्या गाण्यामागचा विचार घेतला आणि तो आपल्या गळ्यातून बोलू दिला. काही निष्ठावंतांना ते रुचले नाही. पण एका गंधर्वाने दुसऱ्या गंधर्वाचे केलेले हे वाचन आहे, आणि आम्ही साहित्याचे लोक ज्याला समीक्षा म्हणतो ती याहून निराळी नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की एका कलावंतासाठी रचना करण्याच्या या रीतीनेच मराठी नाटकाचे नुकसान केले. पदांची संख्या वाढली, ‘वन्स मोअर’ने कथानकाचा दम तुटला, रात्र सरली तरी नाटक संपेना, आणि सारी नाटक मंडळी एका नटाच्या गळ्यावर उभी राहिल्याने त्या गळ्याबरोबर तीही थकली. हे खरेच आहे. मात्र कलावंताच्या लोकप्रियतेसाठी लिहिणे आणि कलावंताच्या शक्तीसाठी लिहिणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात प्रेक्षकांना आवडलेलेच पुन्हा पुन्हा मागितले जाते. दुसऱ्यात कलावंताने आजवर न दिलेले काहीतरी त्याच्याकडून मागितले जाते. ब्रिटनने आपल्या मित्रापुढे त्याच्याच देशातली मृतांची प्रार्थना ठेवली. दारव्हेकर-अभिषेकींनी वसंतरावांपुढे गायनाइतकाच अभिनयाचा डोंगर ठेवला. ही मागणी जितकी अवघड, तितकी रचना नंतरच्या माणसालाही पुरून उरणारी.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी नव्हे काय? गुरुमुखातून जसे येईल तसे घेणे, हीच तर आपली परंपरा. मान्य. पण गुरू समोर असतो तेव्हा तो आज एक सांगतो, उद्या तेच निराळे सांगतो, आणि शिष्याला कळते की यांतले पक्के काय आणि पालटणारे काय. ध्वनिमुद्रण रोज तेच सांगते. ते उत्तम साक्षीदार आहे. गुरू होण्याची पात्रता त्याच्याजवळ नाही. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचेच उदाहरण घ्या. आजोबा १९८३ मध्ये गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. पुढे २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा खाँसाहेब तेच झाले. २०१५ च्या चित्रपटात तर खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा, अशी विभागणी झाली. जी भूमिका एका माणसाच्या देहात आणि गळ्यात एकवटली होती, ती दोघांमध्ये वाटली जाऊनही उभी राहिली आणि आजोबांना न पाहिलेल्या पिढीपर्यंत पोहोचली. ती वसंतरावांचीच मालमत्ता असती, तर हे घडते ना.

तेव्हा करायचे काय? माझे म्हणणे अगदी साधे आहे. स्पर्धांमध्ये मुखडा आणि चाल रचनाकाराची असावी आणि विस्तार स्पर्धकाचा. त्याला गुण त्या विस्ताराचे द्यावेत, मग तो चार स्वरांचा का असेना. पद सांगताना गायकाच्या नावाबरोबर संगीतकाराचे नाव सांगितल्याशिवाय मुलाला मंचावर चढू देऊ नये. आणि आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी संगीत नाटक शिकवताना पदे ओलांडून संवादांकडे धावण्याची सवय सोडावी. वर्गात एकच पद दोन-तीन गळ्यांतून ऐकवावे आणि विचारावे: यांत समान काय राहिले? जे समान राहिले ते रचनाकाराचे. जे बदलले ते गाणाऱ्याचे. कोणतेही विशेष साधन याला लागत नाही. आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर ती सारी ध्वनिमुद्रणे आहेत. ऐकण्याची शिस्त तेवढी हवी.

एका गळ्यासाठी रचलेल्या गाण्यात त्या गळ्याची ओळख कायम राहते, जशी जुन्या अंगरख्यात तो घालणाऱ्याच्या खांद्यांची राहते. पण अंगरखा काचेच्या कपाटात ठेवला तर त्याला कसर लागते. पुढच्याने तो घालावा, कुठे सैल होईल, कुठे आवळेल, दोन टाके उसवून पुन्हा घालावे लागतील. मूर्तिजापूरच्या त्या गायकाने आपल्या आधीच्यांचे अंगरखे असेच घातले होते. त्याचा घालताना आपण मात्र त्याचे खांदे कुठून आणावेत या विवंचनेत पडलो आहोत. आपले खांदे आहेत तेच पुरेत.